पाठीकडून बहिरा माइक

तर माइकनं शिट्टी मारली, मुख्याध्यापकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि बाई मात्र खुर्चीत बसून नुसत्या हसत होत्या, इथपर्यंत आपण काल आलो होतो. मग चहा आला आणि गाडी रुळावरून घसरली. आज पुढचं सांगतो. पण काल जे नव्हते ते विचारतील, कुठल्या बाई, कसला माइक, आणि शिट्ट्या मारायला तो काय कट्ट्यावरचा टवाळ पोरगा आहे का. म्हणून थोडं मागं जाऊन येतो. मागं जायची मला खोडच आहे. तिच्यापायी शाळेत माझं नाव 'लांबण' पडलं होतं, आणि ते बाईंनीच ठेवलेलं होतं.

आमच्या गावची शाळा म्हणजे एक लांबट खोली. चार कोपऱ्यांत चार इयत्ता आणि मधे बाई. बाई तेव्हा अगदी कोवळ्या होत्या, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील नसतील. पण आवाज असा की पहिलीला पाढे सांगायला लागल्या की चौथीतला झोपलेला उठून बसायचा. एकाच नावाची तीन-तीन पोरं शाळेत होती, म्हणून बाईंनी ज्याला त्याला टोपणनाव दिलं होतं आणि हजेरीही त्याच नावानं घ्यायच्या. सारखं बाहेर बघणारा 'खिडकी'. दप्तर घरी विसरून येणारी 'दप्तर'. मी लांबण. आणि माझ्या शेजारी बसायचा तो 'पुटपुट्या'. आजची गोष्ट त्याची आहे.

पुटपुट्याचं 'हजर' त्याच्या सदऱ्याच्या पहिल्या बटणाच्या पुढं कधी गेलं नाही. बाई नाव पुकारायच्या, हा ओठ हलवायचा. बाई कानामागं हाताचा पंजा धरायच्या. हा पुन्हा ओठ हलवायचा. "भिंतीला सांगतोयस की मला?" बाई विचारायच्या. मग मीच म्हणायचो, "आलाय, बाई." तर त्या म्हणायच्या, "लांबण, तुझं झालंय. त्याचं त्याला सांगू दे. ऐकू आल्याशिवाय मी मांडणार नाही." आणि खरोखरच मांडायच्या नाहीत. बिचारा समोर बसलेला असून कितीदा गैरहजर राहिला असेल, त्यालाच माहीत.

हा मुलगा पुढं कोण होईल असं विचारलं असतं तर आमच्यापैकी कुणी घड्याळजी म्हटलं असतं, कुणी ग्रंथालयात नोकरी म्हटलं असतं. तो झाला लाउडस्पीकरवाला. गावात सर्कस आली होती. तिकीट काढायच्या जागी एक माणूस भोंग्यातून ओरडत होता. सगळी पोरं वाघ बघायला तंबूत गेली, हा मात्र भोंग्याच्या मागं जाऊन उभा राहिला आणि सर्कस संपेपर्यंत तिथून हलला नाही. "वाघ कसा होता?" असं घरी विचारलं तर म्हणाला, "तारा दोनच होत्या." त्याच्या आईनं कपाळाला हात लावला.

पुढं भोंगे घेतले, मग स्पीकरच्या पेट्या घेतल्या, मग माइक. सभा, खेळांच्या स्पर्धा, लग्नं, निरोपसमारंभ, काही असो, खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन पुटपुट्या हजर. स्वतःचा आवाज मात्र होता तिथंच राहिला. लाउडस्पीकरवाले माइक तपासताना 'हॅलो, हॅलो' करतात ना, यानं जन्मात एकदाही केलं नाही. नखानं जाळीवर टिचकी मारायचा आणि मान हलवायचा. लग्न झाल्यावर 'हॅलो' म्हणायचं खातं वहिनींकडं गेलं.

वहिनी म्हणजे त्याची बायको, शिवणकाम करते. वहिनींचा आवाज असा की त्या बोलताना माइक चालू आहे की बंद हे लांब बसलेल्या माणसाला कळायचं नाही. दोघांचं घर म्हणजे एक मोठी खोली. खिडकीशी वहिनींचं मशीन, भिंतीशी पुटपुट्याचं टेबल. जमिनीवर दोऱ्यांची रिळं आणि वायरींचे तुकडे असे एकत्र लोळत असायचे की एकदा एका गिऱ्हाइकाच्या झग्याच्या बाहीला बटणाऐवजी रेडिओचा छोटा नॉब शिवला गेला. त्या गिऱ्हाइकाला तो इतका आवडला की तिनं दुसऱ्या बाहीसाठीही मागितला.

आणि वहिनींचा एक स्वभाव. त्यांना उघडी वस्तू बघवत नाही. रेडिओला झबलं, इस्त्रीला झबलं, पकडीला म्यान, तेलाच्या डबीला टोपी. मी एकदा गप्पा मारायला बसलो, उठताना बघतो तर माझ्या काठीच्या मुठीवर निळी मखमल चढलेली. "भावजी, हात गार पडतो म्हणून केलं," म्हणाल्या. आणि साधंसुधं नाही हं. वहिनींच्या हातचं काहीही असो, त्याला आतून अस्तर आणि कॉलर असेल तर कॉलरला बक्रम. बक्रम म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते जाड, कडक कापड. "बक्रमाशिवाय कॉलर म्हणजे मणक्याशिवाय माणूस," हे त्या गिऱ्हाइकाला इतक्यांदा ऐकवायच्या की पोपट असता तर तोही म्हणायला लागला असता. हे बक्रम जरा लक्षात ठेवा.

आता हॉलकडं येतो.

आमच्या शाळेला मोठा हॉल बांधला. नवे मुख्याध्यापक मोठे हौशी आणि मनानं चांगले. त्यांनी ठरवलं की हॉल उघडायला पाहुणा-बिहुणा नको, सगळे जुने विद्यार्थी बोलवायचे आणि बाईंना आणायचं. बाईंकडं गेलो आम्ही तिघं, मुख्याध्यापक, पुटपुट्या आणि मी. बाई ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत, पण पाठ अजून फूटपट्टीसारखी. फक्त आवाज गेला. घशाचं ऑपरेशन झालं, त्यातून त्या वाचल्या, पण ज्या आवाजानं चार इयत्ता हलायच्या त्याची आता नुसती फुंकर राहिली होती, तीत थोडीशी खरखर. बोलल्या की समोरच्यानं पुढं सरकून बसायचं.

मुख्याध्यापकांनी बेत सांगितला. बाईंचे डोळे चमकले. म्हणाल्या, "भाषण नको. मी हजेरी घेते. सगळ्यांची. जुन्या नावांनी."

मुख्याध्यापक अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्हाला त्रास नको. तुम्ही शेजारी बसा, नावं मी पुकारतो."

बाईंनी मान हलवली. "हजेरी ज्याची त्यानंच घ्यायची असते. माझ्या तोंडून होत असेल तर येते. नाहीतर मी घरीच बरी."

आणि त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यात हट्ट नव्हता, तेच वाईट होतं. त्यांना मनातून खात्री होती की आता हे व्हायचं नाही. तेवढ्यात पुटपुट्या आपल्या बटणाला उद्देशून काहीतरी म्हणाला. बाईंनी जुन्या सवयीनं कानामागं पंजा धरला. मी म्हणालो, "तो म्हणतोय, ऐकवायचं माझ्याकडं लागलं. शेवटच्या रांगेपर्यंत."

बाहेर आल्यावर त्याला म्हणालो, "शब्द देऊन बसलास खरा, जमेल ना?" तर म्हणतो, "बघू."

दुसऱ्या दिवशी हॉलवर गेलो. गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती, टाचणी पडली तरी तिचा आवाज चार ठिकाणांहून परत यायचा. स्टेजवर माइक, स्टेजच्या खाली दोन्ही बाजूंना लोकांकडं तोंड करून दोन पेट्या. बाईंच्या जागी मी उभा राहिलो आणि बाईंसारखी फुंकर घालून बोललो. ऐकू येईना. त्यानं आवाज वाढवला. तरी येईना. अजून वाढवला, आणि पेट्यांतून अशी शिट्टी निघाली की छपरावरची कबुतरं दुसऱ्या गावाला राहायला गेली.

"हे असं का होतं?" मी विचारलं.

"चहाडी," तो म्हणाला. मग जरा उलगडून सांगितलं. पेटी जे बोलते ते माइक ऐकतो. ऐकलं की पुन्हा पेटीला सांगतो. पेटी ते आणखी मोठ्यानं बोलते, माइक पुन्हा ऐकतो. चाळीत एखादी बातमी फिरून मूळ घरी परत येते तेव्हा तिचा जसा डोंगर झालेला असतो, तसं. हा जुना माइक चहूकडून ऐकणारा. बाईंचं हळू बोलणं उचलायला त्याचे कान उघडावेत तर तो आधी पेट्यांचंच ऐकून बसतो.

"मग?"

"मग असा माइक पाहिजे जो पुढून ऐकेल आणि मागून बहिरा असेल."

मी म्हणालो, "अरे, आवाज काय माणूस आहे का, माइकनं त्याचं तोंड बघून आत घ्यायला? बहिरा तो बहिरा."

यावर तो मला घरी घेऊन गेला. वहिनींच्या मशीनवरून कशिद्याची लाकडी कडी उचलली, तिच्यात पातळ कागद ताणून बसवला. "हा माइकचा पडदा," म्हणाला. "हा हलला की माइकनं ऐकलं. नाही हलला, नाही ऐकलं." मग ती कडी त्यानं एका वाटीच्या तोंडावर घट्ट दाबून धरली. "हा जुना माइक. मागची बाजू बंद. आवाज कुठूनही येऊ दे, हवेचा दाब वरूनच पडणार. म्हणून हा सगळ्यांचं ऐकतो."

"सरळ माणूस आहे," वहिनी मशीन थांबवून म्हणाल्या.

मग त्यानं वाटी काढली आणि कडी दोघांच्या मधे उभी धरली. "आता दोन्ही बाजू उघड्या. तू तिकडून फुंक, मी इकडून. एकदम आणि सारख्या जोरात."

आम्ही दोघं म्हातारे गाल फुगवून समोरासमोर फुंकायला लागलो. वहिनींना हसू आवरेना. पण कागद मधे तसाच. मी थांबलो की माझ्याकडं फुगायचा, तो थांबला की त्याच्याकडं. दोघंही फुंकायला लागलो की जागच्या जागी.

"बघितलंस? दोन्हीकडून सारखाच दाब आला की पडदा हलत नाही. आता करामत इतकीच करायची की मागून येणारा आवाज पडद्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी पोचला पाहिजे."

"एकच आवाज दोन्हीकडं?"

"त्याला दोन वाटा द्यायच्या. माइकच्या मानेला मागं बारीक फटी ठेवतात. मागून आलेला आवाज त्या फटींतून आत शिरतो. ही वाट जवळची, पण आत फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा असतो, अडचण असते, म्हणून तो आत रेंगाळतो. तोच आवाज बाहेरून वळसा घालून पुढच्या तोंडाशीही जातो. आतलं रेंगाळणं आणि बाहेरचा वळसा बरोब्बर सारखे केलेले असतात. दोघं एकदम पोचतात. एक मागून ढकलतो, एक पुढून. पडदा ढिम्म."

"आणि पुढून बोललं तर?"

"पुढून बोललं तर पडद्याच्या तोंडावर लगेच पोचतं. पण मागच्या अंगाला जायचं तर बाहेरून वळसाही घालायचा आणि आत रेंगाळायचंही. उशीरच उशीर. जुळत नाही. पडदा हलतो."

मला कळलं की नाही हे मलाच कळेना. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, सोपं आहे. सासूबाई आणि नणंदबाई दोन बाजूंनी एकदम बोलायला लागल्या की मी जागची हलत नसे. एकीचं आधी आणि दुसरीचं मागाहून आलं की मात्र मला उठावंच लागायचं."

पुटपुट्यानं माझ्याकडं बघितलं. "हेच," म्हणाला.

मग त्यानं वहिनींचा कापडावर आखायचा खडू उचलला आणि समोर पसरलेल्या निळ्या कापडावर एक आकृती काढली. पत्त्यातला बदाम असतो ना, तसा, फक्त टोक घासून गोल केलेलं. "माइक या खाचेत बसलाय. हा सगळा फुगवटा पुढं, तिथलं सगळं ऐकतो. बाजूचं निम्मंशिम्मं. खाचेच्या मागचं काही नाही." वहिनी म्हणाल्या, "तुमचा बदाम गिऱ्हाइकाच्या पाठीवर आलाय, आधी पुसा."

असा एक माइक त्याच्या कपाटात होता. घेऊन ठेवला होता, पण सभांना देत नसे, कारण सभेतली माणसं माइक मानेलाच पकडतात. फटी मुठीत गेल्या की संपलं. तो माइक आम्ही हॉलमधे लावला. तोंड माझ्याकडं, पाठ पेट्यांकडं. मी अगदी माइकच्या जवळ जाऊन फुंकर घातल्यासारखं बोललो, आणि शेवटच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी हात वर केला. शिट्टी नाही, काही नाही. वर आणखी गंमत अशी की अशा माइकच्या जवळून बोललं की आवाजाला जरा भरदारपणा येतो. माझी फुंकर ऐकून मलाच वाटलं, मी कुणी मोठा माणूस आहे.

"माणसं बसली की भिंतींचा घुमारा कमी होतो," पुटपुट्या म्हणाला. "त्या दिवशी याहून सोपं जाईल." इतकं लांब वाक्य तो बोलला म्हणजे त्याच्या जिवात किती जीव आला असेल बघा.

एकच गोष्ट राहिली होती. बाईंचा श्वास जोरानं जाळीवर आपटला की 'फस्स' व्हायचं. त्यासाठी माइकच्या डोक्यावर पातळ कापड पाहिजे. त्यानं वहिनींना मलमलीचा तुकडा आणि माइक दिला आणि तो एका लग्नघरी पेट्या पोचवायला गेला. वहिनींनी मापाची टेप काढली. डोकं मोजलं, मान मोजली. मी तिथंच होतो. म्हणाल्या, "भावजी, याची मान किती बारीक हो. आणि मागं उसवल्यासारखं काय आहे." मी म्हणालो, "असेल काहीतरी," आणि खिडकीची गोष्ट सांगायला लागलो. कारण खिडकी त्या समारंभाला येणार होता आणि त्याची बसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती पुढं कधीतरी.

समारंभाच्या दिवशी सकाळी हॉल भरला. आजोबा झालेली पोरं, आजी झालेल्या पोरी. ज्याला त्याला आपली जुनी जागा आठवायची आणि तिथंच बसायचं होतं. खोली दुसरी, बाकं दुसरी, तरी भांडणं जुनीच. बाई आल्या, सगळे उठले. त्या स्टेजवर खुर्चीत बसल्या. समोर माइक, त्याच्या डोक्यावर वहिनींनी शिवून ऐन वेळी चढवलेली पांढरी टोपी, खाली नीट दुमडलेली कॉलर. बाईंनी टोपीवरून हात फिरवला आणि वहिनींकडं बघून मान डोलावली. पहिल्या रांगेत वहिनींची छाती अशी फुगली की शेजारणीला सरकावं लागलं.

बाईंनी तोंड उघडलं. ऐकू येईना. पुटपुट्या स्टेजच्या पायथ्याशी आवाजाच्या बटणांपाशी उभा होता, त्यानं आवाज वाढवला. आणि आली शिट्टी. मी काल थांबलो ती हीच. मुख्याध्यापकांनी कान झाकले. पुटपुट्यानं आवाज उतरवला. शिट्टी गेली, बाईही गेल्या. पुन्हा चढवला, पुन्हा शिट्टी. हॉलमधे जितकी डोकी तितके सल्ले. "पेटी फिरव." "वायर सैल असेल." "याला चापट मार, आमचा रेडिओ तसाच चालतो." बाई हसत होत्या असं मी म्हणालो खरं, पण ते हसू मला ओळखीचं होतं. घरी गप्प बसल्या होत्या, त्याच जातीचं होतं ते. त्यांनी मुख्याध्यापकांना खुणेनं जवळ बोलावलं आणि स्वतःच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. म्हणजे, या, तुम्ही पुकारा. आणि उठायला लागल्या.

पुटपुट्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो स्टेजवर चढला, माइकच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसला आणि सवयीनं स्वतःशीच म्हणाला, "कुठं घोडं अडलंय."

आणि 'कुठं घोडं अडलंय' हे सगळ्या हॉलला ऐकू आलं.

लोक हसले. तो मात्र पुतळ्यासारखा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा पुटपुट्याचं पुटपुटणं चारचौघांनी ऐकलं होतं, आणि तेही बहिऱ्या बाजूनं. त्यानं माइकच्या मागं राहून पुन्हा हळूच एक शब्द टाकला. पेट्यांतून आला. मग त्यानं दोन बोटांनी माइकची मान चाचपली, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. बाईंना हातानं बसा अशी खूण करून तो माइक घेऊन खाली उतरला, थेट पहिल्या रांगेत, वहिनींसमोर.

"कॉलर काढ," तो म्हणाला.

"कुणाची?"

"याची. गळा आवळलाय."

"अहो, मापात शिवलीय. बोट जाणार नाही इतकी."

"तेच. आत काय घातलंस?"

"काय घालणार? बक्रम. दुहेरी. आणि घाम लागू नये म्हणून आतून रेक्झिनची पट्टी." वहिनींचा आवाज हळू होता, म्हणजे फक्त सहाव्या रांगेपर्यंत गेला. "नुसती मलमल मानेशी उभी राहते का? एवढ्या मोठ्या बाई, त्यांच्यापुढं लोळागोळा कॉलर ठेवू?"

पुटपुट्या रागावला नाही. रागावता येत असतं तर कधीच रागावला असता. एवढंच म्हणाला, "त्याच्या पाठीच्या फटी बंद झाल्या. मागची वाट बंद. आता तो वाटीवरचा कागद झालाय. सगळ्यांचं ऐकतोय."

वहिनींनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं. "म्हणजे नणंदबाई पोचतच नाहीत."

"नाहीत."

"मग पाठ उघडी ठेवायची?"

"पूर्ण."

"बाईंसमोर उघड्या पाठीचा?" असं म्हणेपर्यंत वहिनींनी पिशवीतून कात्री काढलीही होती. उठून उभ्या राहिल्या आणि माइकची काही गरज न लागता सगळ्या हॉलला म्हणाल्या, "जरा थांबा सगळे. शिवण माझी आहे, मीच उसवते."

आणि स्टेजवर बाईंच्या पायाशी बसून त्या उसवायला लागल्या. बाई वाकून बघत होत्या. जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं, त्या म्हणाल्या, "दोरा काप, कापड नको." वहिनींनी इतक्या हळू "हो, बाई" म्हटलं की पुटपुट्यानं चमकून वर बघितलं. कॉलर निघाली, बक्रम निघालं, रेक्झिन निघालं. डोक्यावर मलमलीची टोपी तेवढी राहिली. माइक पुन्हा जागेवर बसला, तोंड बाईंकडं, पाठ आमच्याकडं. पुटपुट्या खाली येऊन बटणांपाशी उभा राहिला आणि त्यानं आवाज चढवत नेला. मी डोळे मिटून शिट्टीची वाट बघत होतो.

पेट्यांतून आवाज आला, "बसा."

बारीक, खरखरीत, पण बाईंचा. जे बसलेले होते तेही सावरून बसले. शेवटच्या रांगेत एका आजोबांनी तोंडातली लवंग गिळली.

मग हजेरी सुरू झाली. हातात काही नाही, सगळं तोंडपाठ. "खिडकी." "हजर, बाई." तेव्हाही तो बाहेरच बघत होता. "दप्तर." "हजर, बाई." "आणलंयस?" दप्तरनं आपली पर्स उंच धरून दाखवली आणि हॉल हसला. एका नावाला उत्तर आलं नाही. त्याच्या जागी त्याची लेक आली होती, ती उठून उभी राहिली. "रजेवर आहे. बस, बाळ," बाई म्हणाल्या, आणि पुढचं नाव घेतलं.

"लांबण."

"हजर, बाई. येताना वाटेत काय झालं सांगू का, तो आपला—"

"हजर पुरे."

सगळे खदखदा हसले. माझी अख्खी म्हातारी हाडं सुखावली. किती वर्षांनी कुणीतरी मला मधेच तोडलं होतं. एरवी घरातले सगळे मान डोलावत निघून जातात.

शेवटचं नाव राहिलं. बाईंनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं की ओळीनंच तसं आलं, मला सांगता येणार नाही.

"पुटपुट्या."

तो स्टेजच्या खाली, माइकच्या पाठीमागं, एक हात बटणावर ठेवून उभा होता. त्याचे ओठ हलले. पेट्या गप्प. माइकनं आपलं काम चोख केलं होतं. बाईंनी कानामागं हाताचा पंजा धरला, अगदी तसाच, आणि थांबल्या. माझ्या जिभेवर आलं होतं, 'आलाय, बाई,' पण वहिनींनी माझा सदरा ओढला. सगळा हॉल त्याच्याकडं बघत होता. पुटपुट्यानं बटणावरचा हात काढला, मान वर केली, घसा साफ केला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हजर आहे, बाई. माइकला ऐकू जायचं नाही, त्याची पाठ आहे माझ्याकडं. तुमचं तोंड आहे माझ्याकडं, तुम्हाला गेलं ना?"